सुट्ट्या सुरू झाल्यात, छोट्यांसाठी एक आठवण

सगळ्या आईबाबांना रिक्वेस्ट, पहिल्याच आठवड्यात सगळे प्लॅन कोंबू नका प्लीज. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, ती मोडली की मग पाहुणे, फिरणं, गिफ्ट सगळंच रडारडीत जातं. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा, बाकी वेळ त्यांना घर सजवू द्या, वेडंवाकडं लावलं तरी राहू दे, खरी मजा त्यातच असते त्यांची.

आणि हो, माळा, खेळणी, रिमोट यातल्या बटन सेलचं (छोटी, गोल, चपटी बॅटरी) झाकण स्क्रूने घट्ट आहे ना बघा, गिळला तर २ तासांतही अन्ननलिका भाजू शकते, थेट हॉस्पिटल गाठायचं.

मुलांनी सजवलेल्या कोपऱ्यांचे फोटो ग्रुपवर नक्की टाका!