उत्तराखाली दोन ओळी हव्यात

महोदय,
लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत मुलं पहाटेपासून आपल्या पुरवणीतल्यासारखे सामान्यज्ञानाचे प्रश्न घोकतात. पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती कधी अमलात आली? २४ एप्रिल १९९३. उत्तर तोंडपाठ, पण गावच्या ग्रामसभेला यातलं कितीजण बसलेत?

मी शिकवणी घेतो. परवा जुलाबात देतात त्या जलसंजीवनीबद्दल विचारलं. नाव सगळ्यांना ठाऊक. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण एकीलाच सांगता आलं, तेही आजीमुळे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या अशाच द्रावणाने पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांचे जीव वाचवले, हे ऐकून वर्ग गप्प झाला.

प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्से म्हटलं की 'चीन, ताओ' एवढंच पाठ. मोठं राज्य चालवणं बारीक मासे शिजवण्यासारखं असतं, सारखं ढवळू नये, हा त्याच्या नावे चालत आलेला विचार कुणी शिकवत नाही. शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले, हेही पाठ. जायकवाडी धरणात त्यांचा वाटा काय, ते मात्र माहीत नाही.

आपल्या पुरवणीतल्या प्रश्नांच्या उत्तराखाली 'का' आणि 'कसं' यांसाठी दोन ओळी द्याल का?

– एक शिक्षक, लातूर