बारावी सायन्स आणि ग्रँडमास्टर नॉर्म: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमीचा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी झाली. असा रस्ता एका स्पर्धेत एकाच मुलीला मिळतो. बाकीच्या मुलींना तीन नॉर्म (ठराविक निकषांच्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी) आणि 2500 रेटिंग (खेळाच्या ताकदीचे गुणांकन) गाठावेच लागते; आणि ते गाठायचे वय नेमके बारावी, नीट, सीईटीचे.

अशा वेळी हंगेरीच्या बुद्धिबळपटू पोल्गार भगिनींचा दाखला देऊन ‘शाळा सोडा’ असा सल्ला दिला जातो. दाखला अर्धाच. वडील लास्लो पोल्गार यांनी मुलींना घरी शिकवले, पण शाळेच्या परीक्षा त्यांनी दिल्याच. थोरली झुझा (सुझन) 1991 मध्ये नॉर्म-रेटिंगच्या नेहमीच्या वाटेने ग्रँडमास्टर होणारी पहिली महिला ठरली. त्याआधी 1986 मध्ये फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) सर्व सक्रिय महिला खेळाडूंना 100 रेटिंग गुण बहाल केले, एकट्या झुझाला वगळून! ती पुरुषांशी खेळते, हे कारण. महिलांमधले तिचे जगातले पहिले स्थान असे कागदावरच हातचे गेले.

आपल्या कामाचे आहे ते तिचे पुढचे काम. अमेरिकेत 2007 पासून टेक्सास टेक आणि 2012 पासून वेबस्टर विद्यापीठात तिने बुद्धिबळ शिष्यवृत्तीवर विद्यार्थी घेतले. पदवीचा अभ्यास आणि खेळ एकाच आवारात. 2011 ते 2017 अशी सलग सात वर्षे ‘फायनल फोर’ ही अमेरिकी विद्यापीठांची बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा तिच्याच संघांनी जिंकली. त्या स्पर्धेची पात्रता फेरी डिसेंबरअखेर, सुट्टीत होत असे. वर्ग बुडायचा प्रश्नच नव्हता.

आपले खेळाडू मात्र नॉर्मसाठी वर्षानुवर्षे बुडापेस्टच्या ‘फर्स्ट सॅटर्डे’ स्पर्धा गाठत आले. ऐन सत्रात गेले की 75 टक्के हजेरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही अडचणीत येतात.

तशीच स्पर्धा पुण्यात किंवा नागपुरात दिवाळीच्या सुट्टीत घेता येईल. दहा खेळाडूंची साखळी, नऊ फेऱ्या, रोज एक. डाव चार-पाच तास चालतो, म्हणून दिवसाला दोन फेऱ्या कोंबू नयेत. नऊ प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर, भारतीय जास्तीत जास्त पाच, उरलेले चार किमान दोन देशांचे. प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी रेटिंग 2380 असेल तर नॉर्मला नऊपैकी 7 गुण लागतात. नेमके चारच परदेशी बोलावले आणि एकाने ऐनवेळी नकार कळवून त्याच्या जागी भारतीय आला, की मुलीने नऊपैकी नऊ डाव जिंकले तरी नॉर्म हाती लागत नाही. म्हणून पाचवा परदेशी राखीव हवा. त्याच्या तिकिटाची तरतूद आधीच व्हावी. नेहमी हाच खर्च कापला जातो.

दोन विद्यापीठांत पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावेत, विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती द्यावी आणि नोंदणीकृत स्पर्धेत हुकलेले प्रॅक्टिकल त्याच सत्रात पुन्हा घेण्याचा शासन निर्णय काढावा. वाढीव क्रीडागुणांनी हुकलेले प्रॅक्टिकल भरून निघत नाही.

आपले,
राज्यातील काही बुद्धिबळ प्रशिक्षक