मोजमाप न घेता इंजिन बदलण्याचा सल्ला दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी २०१२ सालची पेट्रोल मोटार १ लाख ६२ हजार किलोमीटर चालली आहे. आईला घेऊन तुळजापूरला जाताना घाटात ती निळा धूर सोडू लागली आणि हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल खाऊ लागली, म्हणून गेल्या महिन्यात मी ती आपल्या सोलापुरातील वर्कशॉपमध्ये दिली.

तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासले असता तिसऱ्या सिलिंडरचे ११० आणि बाकी तिघांचे १६० पीएसआयच्या आसपास भरले. अशा वेळी प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), आणि न चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड (सिलिंडरवरचे झाकण) गॅस्केटचा, एवढे त्यावरून कळते. पाच मिनिटांची ही चाचणी न करता, मला न विचारता हेड उतरवण्यात आले आणि आता ती करण्याची सोयच राहिली नाही.

त्यानंतर आपल्या सल्लागारांनी 'इंजिन संपले आहे, नवीनच बसवा' असे सांगून १ लाख ३८ हजार रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हाती ठेवले. मी मोबाईलच्या उजेडात चारही सिलिंडर पाहिले. तिघांच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात भिंत घासताना उमटलेल्या, तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, म्हणजे तिथे झीज फार नाही. फक्त तिसऱ्याच्या वरच्या काठाशी झिजेच्या कडेला नख अडकते. बोअर गेजने झीज किती भरली, असे मी विचारले तेव्हा गेज लावलेच नसल्याचे उत्तर मिळाले. जॉब कार्डवरही 'इंजिन निकामी' या दोन शब्दांपलीकडे काही नाही.

नवीन इंजिनाला माझा मुळात विरोध नाही. ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंगच्या, म्हणजे घासून नीट करण्याच्या, मर्यादेपलीकडे झिजली असेल, तर मी तेच बसवीन. परंतु बोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे कोरून, ओव्हरसाइज पिस्टन व रिंगा, नवीन बेअरिंग आणि व्हॉल्व्ह सील यांत काम भागत असेल, तर नोंदणीची १५ वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होणाऱ्या गाडीवर एवढा खर्च का करावा, हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे, आणि तो आकड्यांशिवाय बजावता येत नाही. इंजिन बदलल्यास नवा क्रमांक आरटीओला कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो, हेदेखील मला कोणी सांगितले नाही.

तरी चारही बोअरचे वर, मध्ये व खाली घेतलेले माप, क्रँकच्या जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचे) माप आणि व्हॉल्व्हच्या गळतीची तपासणी मला सात दिवसांत लेखी मिळावी, दुरुस्ती व नवीन इंजिन यांची अंदाजपत्रके हमीच्या मुदतीसह वेगवेगळी द्यावीत, आणि संमतीविना हेड उतरवल्याची मजुरी रद्द करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यावाचून मला पर्याय राहणार नाही.

दरम्यान, इंजिन उघडेच पडून आहे. सिलिंडरच्या भिंतींना गंज चढू नये म्हणून त्यांवर ऑइलचा हात फिरवून ते आजच झाकून ठेवावे, ही विनंती.

आपला,
वाहनमालक
विजापूर रोड, सोलापूर