काकू, आता तरी आभार मानू द्या

प्रिय काकूंना साष्टांग नमस्कार,

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

न्यूयॉर्कमध्ये विज्ञान-गणितासाठी नावाजलेल्या सरकारी शाळा आहेत, त्यांना फी नाही आणि आठवीत परीक्षा देऊन तिथे प्रवेश मिळतो, हे न्यूयॉर्कच्याच जॅक्सन हाइट्समध्ये राहूनही आमच्या कानावर आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. क्लासची महागडी जाहिरात बाजूला सारून शिक्षण खात्याची फुकट पुस्तिका लेकीपुढे ठेवलीत. "आधी ही संपव, मग क्लासचं बघू." ती वेळ आलीच नाही.

तेव्हा ही परीक्षा कागदावर असायची: इंग्रजीचे 57 प्रश्न, गणिताचे 57, वेळ तीन तास. कॅल्क्युलेटर नाही, सूत्रं पाठ हवीत. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून "एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही" हे तुम्ही घोकून घेतलंत. गणितातल्या काही प्रश्नांना पर्यायच नसायचे. उत्तर काढून आकड्यांचे गोल रंगवायचे. तिचं गणित बरोबर यायचं आणि गोल शेजारच्या रांगेतला भरला जायचा! "आधी वरच्या चौकटीत आकडा लिही, मग पेन्सिल खाली आण," असं तुम्ही शेजारी बसून किती वेळा म्हणालात.

शाळांचा पसंतीक्रम भरताना आमच्याकडे त्यातल्या स्टायव्हेसंट शाळेचाच धोशा होता. तुम्ही तिला विचारलंत. तिला ब्राँक्स सायन्स हवी होती. मी लगेच नोबेलचं पुराण लावलं: या शाळेत शिकलेले भौतिकशास्त्राचे सात मानकरी, त्यातले ग्लॅशो आणि वाइनबर्ग तर 1950 च्या एकाच बॅचचे! तुम्ही म्हणालात, "नोबेल राहू दे, गाडी कुठे बदलायची ते बघ." आणि गुडघे दुखत असताना एका रविवारी तिला घेऊन निघालात. सात नंबरच्या मेट्रोने ग्रँड सेंट्रल, तिथून चार नंबरने शाळेजवळचं बेडफर्ड पार्क बुलेव्हार्ड स्टेशन. (रविवार असूनही सात नंबर दुरुस्तीपायी बंद नव्हती, हेही नशीबच.)

एकाच परीक्षेवर प्रवेश ठरावा, हे मला आजही पटत नाही. तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं फार कमी दिसतात. प्रत्येक इमारतीत तुमच्यासारख्या काकू थोड्याच असतात?

तिसऱ्या मजल्यावरच्या नेपाळी कुटुंबातला मुलगा यंदा आठवीत गेलाय. नोंदणीसाठी शाळेच्या समुपदेशकांना लगेच भेटा, असं त्याच्या आईला सांगितलंय. शनिवारी त्याला तुमच्याकडे पाठवू का? गणिताला लेक बसेल, इंग्रजी तेवढं तुम्ही बघा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची