पेट्रोकेमिकल प्रकल्पाची जनसुनावणी : रविवारी बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, तापीकाठच्या प्रस्तावित प्रकल्पाच्या जनसुनावणीच्या तयारीसाठी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता विकास सोसायटीच्या गोदामात बैठक आहे. केळीची कापणी चालू असेल त्यांनी घरातला कोणी तरी पाठवावा.

पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळतो, सोबत मराठी सारांशही असतो. सारांश वाचूनच या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टींवर सुनावणीत काही चालत नाही.

अहवालात मुख्यतः हे बघा: हवा-पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती सहसा चालते, पण आपल्याकडे उन्हाळ्यातला वारा वेगळा आणि हिवाळ्यातला वेगळा. बेंझिन (हवेत मिसळणारं विषारी रसायन) मोजलं का? त्याची हवेतली वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. प्रकल्पाला पाणी नदीतून की बोअरमधून? सांडपाणी कुठे जाणार? आपल्या बोअरची पातळी आधीच किती खाली गेली, हे सांगायची गरज नाही. प्रकल्पाच्या १० किलोमीटरच्या परिघात आपलं गाव आणि विहिरी दाखवल्यात का, तेही तपासा.

विहिरीच्या पाण्याचा जुना तपासणी अहवाल असल्यास झेरॉक्स आणा. नोकऱ्या हव्यात असं म्हणणाऱ्यांनीही यावं, त्यांचंही ऐकून घेऊ.

हरकती लेखीच द्या, पोच घ्या. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तोवर कोणी उठू नये.

– सचिव