रात्री फोन बंद करून चार्जिंगला लावू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी सांगून टाकते, मग रागवा. तुमच्या दोघांच्याही फोनमधली दोन-तीन सेटिंग्ज मी गेल्या खेपेला बदलून ठेवली आहेत. तो जुना पांढरा चार्जर मी बॅगेत घालून घेऊन आले, आणि त्याच्या जागी नवा चार्जर आणि वायर कुरियरने येते आहे. विचारलं असतं तर बाबा ‘असू दे गं, चालतंय ते’ म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. आणि तिसरं ठरवलंय ते असं की यापुढे रात्री फोन बंद करून चार्जिंगला लावायचा नाही. चालूच ठेवायचा.

बाबा, तुमचं म्हणणं चूक नाही. बंद फोन थोडा लवकर चार्ज होतो आणि थोडा कमी तापतो, हे खरंच आहे. प्रश्न ‘थोडा’ म्हणजे किती, एवढाच. तुम्हाला हिशेब लागतो, तर हा घ्या. तुमच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. नवा चार्जर १० वॉटचा. स्क्रीन बंद असलेला फोन नुसता पडून असताना नेटवर्क धरून ठेवायला वॉटचा दहावा, फार तर पाचवा हिस्सा खातो. म्हणजे चार्जर देतो त्यातले शंभरात एक किंवा दोन. पूर्ण चार्जिंगला अडीच-तीन तास लागतात, त्यात वाचली तर तीन-चार मिनिटं वाचतात. रात्रभर फोन लावून ठेवणाऱ्याला ती तीन-चार मिनिटं कशाला हवीत?

हिशेब बदलतो तो स्क्रीन चालू असली की. आई, व्हिडिओ कॉलवर तू नेहमी म्हणतेस ना, ‘लावलाय पण चढतच नाहीये’, त्याचं कारण हेच. स्क्रीन, कॅमेरा आणि नेट मिळून दोन-तीन वॉट सहज खातात, रेंज कमी असेल तर आणखी. १० वॉटच्या चार्जरवर पाव हिस्सा तिथेच जातो. जुना पांढरा ५ वॉटचा होता, त्याचा निम्मा जायचा. शिवाय चार्जिंगची उष्णता आणि वापराची उष्णता एकाच वेळी बॅटरीवर येते. म्हणून आपण बोलत असू तेव्हा वायर काढ. वीस टक्के असले तरी आपल्या गप्पांना पुरतात.

शेवटचे वीस टक्के रेंगाळतात, त्यालाही फोन चालू असण्याचा दोष देऊ नका. सुरुवातीला बॅटरीत करंट जोरात जातो. सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकला, म्हणजे फोनप्रमाणे साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास, की तो तिथेच धरून ठेवतात आणि करंट हळूहळू कमी करत नेतात. हे काम फोनच्या आतली चार्जिंगची आयसी, म्हणजे एक छोटीशी चिप, करते, आणि ती फोन बंद असतानाही अगदी तशीच करते. १०० झाले की तीच करंट थांबवते. ‘रात्रभर लावला तर जास्त भरून फुटेल’ ही भीती त्यामुळे काढून टाका. चांगला फोन जास्त भरतच नाही. नुकसान होतं ते दुसऱ्या गोष्टीने. लिथियम-आयन बॅटरी तासन्‌तास १०० टक्क्यांवर आणि तीही गरम राहिली की तिचं आयुष्य लवकर ओसरतं.

यावरच एक सेटिंग केलंय. बाबांच्या फोनला चार्जिंगची मर्यादा ८० टक्के घातली आहे. तेव्हा सकाळी ८० दिसले म्हणून प्लग काढून पुन्हा लावत बसू नका, चार्जर बिघडलेला नाही. तुमचा दिवस ८० मध्ये आरामात निघतो, मी वापराचा आलेख बघितलाय. लांब कुठे जायचं असेल तर आदल्या रात्री मला सांगा, मर्यादा कशी काढायची ते फोनवर सांगेन. आईचा फोन जुना आहे, त्यात ही सोय नाही. तिने तो संध्याकाळी लावावा आणि झोपण्यापूर्वी काढावा. ९० असो की ९५, काढावा.

आणि आई, पाच टक्क्यांपर्यंत उतरू देऊन मगच लावायचा, हा नेम आता सोड. तो जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीसाठी होता. त्या अर्धवट चार्ज केल्या की ‘आळशी’ व्हायच्या, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. लिथियमचं तसं नाही, उलट पूर्ण रिकामी होणं तिला जड जातं. चार्जिंगची ‘खेप’ मोजतात ती एकूण शंभर टक्क्यांची. आज पन्नास भरले आणि उद्या पन्नास भरले की एक खेप झाली. दिवसातून दोनदा थोडं-थोडं लावलं म्हणून दोन मोजल्या जात नाहीत. युरोपियन युनियनने जून २०२५ पासून नव्या फोनना अशा ८०० खेपांनंतरही निदान ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे असा नियम केला आहे. म्हणजे नीट वापरलेली बॅटरी काही वर्षं सहज जाते. तुम्ही दोघं तिची जेवढी काळजी करता, तेवढीच गोळ्या वेळेवर घेण्याची केलीत तर मी काही बोलणारच नाही.

आता रात्रीचं. बंद फोनवरून कोणालाही फोन लागत नाही, अगदी आपत्कालीन नंबरही नाही. तो सुरू व्हायला अर्धं ते एक मिनिट लागतं, मग पिन. अंधारात, चष्मा नसताना, बाबांचे गुडघे अशा अवस्थेत. मला पुढचं लिहायचं नाहीये, मामाच्या वेळचं तुम्हाला आठवतं आहेच. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फोन बंद करून चालू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतली माहिती कुलूपबंदच असते. तोवर येणाऱ्या फोनवर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो आणि व्हॉट्सॲपचा कॉल वाजतच नाही. सकाळी फोन चालू करून पिन न टाकता तुम्ही तो तसाच ठेवता आणि मी तासभर व्हॉट्सॲपवर कॉल करत बसते, ते यामुळे. तुम्हाला वाटतं मी फोनच केला नाही.

बंद ठेवण्यामागचं खरं कारण झोपमोड हे आहे, ते मला कळतं. नको त्या वेळी नको ते मेसेज येतात. म्हणून दुसरं सेटिंग केलं. दोन्ही फोनवर रात्री दहा ते सकाळी सहा ‘डू नॉट डिस्टर्ब’ आपोआप लागतं. मेसेजचा आवाज येणार नाही, स्क्रीन उजळणार नाही. माझा, दादाचा आणि डॉक्टरांचा नंबर मात्र वाजेल, कॉन्टॅक्टमध्ये त्यांना ताऱ्याची खूण केलेली आहे. बाकी कोणी १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तोही वाजेल, कारण तसा फोन बहुधा निकडीचाच असतो. बाबांचा पाचचा गजर नेहमीसारखाच होईल.

फोन बंद करून लावावा असे प्रसंगही आहेत, नाही असं नाही. निघायला वीसच मिनिटं उरली आहेत आणि बॅटरी सात टक्के आहे, तेव्हा खुशाल बंद करा. फ्लाइट मोडनेही जवळजवळ तेवढंच साधतं. खोली तापलेली आहे आणि फोनही गरम आहे, तेव्हा आधी बंद करून, कव्हर काढून, पंख्याखाली निवू द्या आणि मगच लावा. फ्रीजमध्ये नाही हं! आत दव धरतं आणि ते सर्किटवर उतरतं. आणि बॅटरी पार उतरून फोन आपोआप बंद पडला असेल तर लावल्यावर लगेच काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. सेलचा व्होल्टेज फार खाली गेला की आयसी आधी अगदी थोडा करंट देऊन त्याला वर आणते, तोवर स्क्रीन काळीच राहते. बटणं दाबत न बसता पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या.

फोन किती तापला हे कसं ओळखायचं? आई, तू माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावायचीस आणि थर्मामीटरच्या आधीच सांगायचीस. तसाच फोनच्या पाठीला लाव. कोमट लागला तर ठीक. ‘गरम’ असा शब्द तोंडातून निघाला तर वायर काढ आणि अर्धा तास जाऊ दे. उशीखाली, गादीवर, पांघरुणाच्या घडीत ठेवून चार्ज करायचा नाही, कारण उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही. डोक्याशी ते लाकडी स्टूल ठेवलंय, त्याच्यावर ठेवायचा. दोघांनी, बाबा, दोघांनी.

पांढऱ्या चार्जरबद्दल वाईट वाटलं असेल तर सांगते. तो लावला की आईच्या फोनचा टच वेड्यासारखा वागायचा, आपोआप कोणाला तरी फोन लागायचा. तो दोष फोनचा नव्हता. हलक्या चार्जरमधून येणारी विजेची खळबळ टचच्या काचेपर्यंत पोचते आणि फोनला वाटतं बोट लागलं. धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं तेही त्याचंच. शिवाय त्याच्या पिना सैल झाल्या होत्या आणि सॉकेटमध्ये बारीक चर्रर्र आवाज यायचा. ती ठिणगी असते. असा चार्जर भावनेपोटी ठेवत नाहीत. नव्यावर आउटपुट ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं आहे, दोन्ही फोनना तोच चालेल.

नवी वायरही नीट बसली नाही तर चार्जरला नावं ठेवण्याआधी फोनचं भोक बघा. बाबांच्या खिशातला कापसासारखा मळ त्यात दाबून दाबून बसतो. मग प्लग केसभर बाहेरच राहतो, टक्‌ असा आवाज येत नाही आणि जरा हललं की चार्जिंग तुटतं. साफ करायचं तर फोन पूर्ण बंद हवा, तिथे माझी हरकत नाही. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून कडेकडेने हलकेच फिरवायचं. मधोमध पातळ पट्टी असते, तिच्यावर सोन्यासारखे टिपके दिसतात, तिला हात लावायचा नाही. सुई नाही, सेफ्टी पिन नाही, आणि तोंडाने फुंकर तर मुळीच नाही, कारण फुंकरीतून ओल जाते. हात थरथरत असेल तर राहू द्या, मी आल्यावर करेन.

एक शेवटचं, आणि हे आजच करा. आईचा फोन कव्हरमधून काढून काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपरा बोटाने हलका दाबा. डुलत असेल, किंवा स्क्रीनच्या कडेला पूर्वी नव्हती अशी फट दिसत असेल, तर आत बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि पुन्हा चार्जिंगला तर लावायचीच नाही. फोन बंद करून, पडदा-कागद यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवायचा आणि मला बाबांच्या फोनवरून कळवायचं, बॅटरी बदलून घेऊ. डुलत नसेल तरी बाजूने एक फोटो काढून पाठवा. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच लिहून पाठवू नका, फोटो हवा.

तुमची,
छकुली