‘माहीत नाही’ म्हटल्याबद्दल कापलेले गुण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विद्यार्थ्यांनी समुद्रावर केलेल्या व्हिडिओंबद्दलचा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. पहिल्या वेळी राग इतका आला की शेवटचे दोन परिच्छेद डोक्यात शिरलेच नाहीत. ज्यांना स्वतःलाच विषय पुरता आलेला नाही, त्या मुलांनी कॅमेऱ्यासमोर बसून लहानांना सागरी परिसंस्था शिकवू नये, असं लेखकाचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी स्पर्धेसाठी केलेल्या एका वेबकास्टचा, म्हणजे इंटरनेटवरच्या थेट कार्यक्रमाचा, दाखला दिलाय, ज्यात प्रश्न आला आणि मुलांना ‘उत्तर देता आलं नाही’. नावं छापली नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ती मुलं माझ्या वर्गातली आहेत आणि तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. म्हणून काय झालं ते सांगते.

विषय होता खोल समुद्रातले उष्ण झरे. संशोधन जहाजांनी सर्वांसाठी खुलं ठेवलेलं चित्रण मुलांनी महिनाभर पाहिलं, त्यातलं निवडलं आणि त्यावर स्वतःच्या आवाजात बोलायचं ठरवलं. समोर पडद्यावर चौथीची मुलं. अडीच हजार मीटर खोलीवर उजेडाचा एक किरणही पोचत नाही, तिथे हिरवं काही उगवत नाही, मग तिथले प्राणी जगतात कशावर, इथून सुरुवात केली. झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर जिवाणू जगतात आणि तिथली सगळी अन्नाची उतरंड त्या जिवाणूंवर उभी आहे, हे त्यांनी बाणांची एकही आकृती न काढता, चित्रण थांबवून थांबवून दाखवलं. मग आले ट्यूबवर्म, म्हणजे नळीत राहणारे कृमी. पांढऱ्या नळ्या, टोकाला लालभडक तुरा, काही तर माणसापेक्षा उंच. याला तोंड नाही आणि आतडंही नाही, याच्या अंगातच ते जिवाणू राहतात आणि तेच याला पोसतात, असं माझी विद्यार्थिनी सांगत होती.

तेवढ्यात चौथीतल्या एका मुलाने विचारलं, ‘‘ताई, तोंडच नाही तर ते जंतू आत गेले कुठून? आईकडून येतात का?’’

ती दोन क्षण थांबली. मग म्हणाली, ‘‘मला माहीत नाही. शोधते आणि उद्या सांगते.’’

हेच ते ‘उत्तर देता आलं नाही’. दुसऱ्या दिवशी तिने पाच मिनिटांचा व्हिडिओ करून त्या वर्गाला पाठवला, हे मात्र लेखात नाही. आईकडून येत नाहीत. पिल्लू झऱ्यापाशी स्थिरावतं तेव्हा पाण्यातले जिवाणू त्याच्या त्वचेतून आत शिरतात. हे झरे गॅलापागोस बेटांजवळ सापडले १९७७ साली आणि या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध झालं २००६ साली. मध्ये एकोणतीस वर्षं गेली. चौथीतल्या मुलाचा प्रश्न तितक्या तोलामोलाचा होता आणि माझ्या विद्यार्थिनीने तो उडवून लावला नाही. मला त्या दिवशी तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही निकालाच्या दिवशी वाटलेला नाही.

आणि स्पर्धेत काय झालं? परीक्षकांनी शेरा मारला, ‘तयारी अपुरी, आत्मविश्वास कमी’, आणि गुण कापले. पहिलं बक्षीस मिळालं तीन मिनिटांच्या एका व्हिडिओला. संगीत छान, दृश्यं सुंदर. त्यात ‘पांढरं पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ’ असं ठासून सांगितलं होतं. तसं नसतं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतं, रंग जातो, पण ते लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरू शकतं. ज्या मुलांनी तो व्हिडिओ केला त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. त्यांना कुणी थांबवून प्रश्न विचारला असता तर त्यांनीही शोधलं असतं. परीक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही, याचा राग आहे.

लेखक म्हणतात, आधी शिकावं, मग शिकवावं. हे झरे सापडले त्या १९७७ च्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. सगळे भूशास्त्राचे आणि रसायनांचे अभ्यासक. ‘अल्व्हिन’ पाणबुडीतून त्यांना समोर जे दिसलं त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे बिनतोंडाचा हा प्राणी खातो काय, हे कोडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे मेरेडिथ जोन्स हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात सांगत होते. त्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात, असं ते म्हणाले. तेव्हा श्रोत्यांतून उठून ‘आत जिवाणू असणार’ असं म्हणणारी कॉलीन कॅव्हॅनॉ विद्यार्थिनीच होती. १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध छापून आला. विषय पुरता आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा नियम तिने पाळला असता तर?

त्या पहिल्या मोहिमेत समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्डही होते. शाळकरी मुलांना समुद्रतळ थेट प्रक्षेपणातून दाखवायचा ‘जेसन’ प्रकल्प त्यांनीच १९८९ मध्ये सुरू केला. आज संशोधन जहाजांची थेट प्रक्षेपणं कुणालाही पाहता येतात. लेखकांनी एकदा अर्धा तास पाहावं. वीस मिनिटं नुसता चिखल आणि वरून पडणारे पांढरे कण, मग काहीतरी हलतं आणि जहाजावरचे शास्त्रज्ञ एकमेकांना विचारतात, ‘हे काय आहे?’ माझी मुलं शंका कशी घ्यायची ते तिथे शिकली. तुऱ्याचा लाल रंग तिथल्या अंधारात कुणालाच दिसत नाही, तो आपल्या दिव्यामुळे दिसतो, हे त्यांच्या त्यांना सुचलं आणि तेही त्यांनी चौथीच्या वर्गाला सांगितलं. पाठ्यपुस्तकातल्या रंगीत चित्रावरून हे मला कधी शिकवता आलं नव्हतं.

जाता जाता आणखी एक तक्रार. लेखासोबतच्या चौकटीत ‘जगातला सर्वात कुरूप मासा’ म्हणून ब्लॉबफिशचा तो गुलाबी, ओघळलेला फोटो छापलाय. तो मासा शेकडो मीटर खोलीवर राहतो, प्रचंड दाबाखाली, आणि तिथे तो साध्या माशासारखाच दिसतो. जाळ्यातून वर ओढल्यावर दाब नाहीसा होतो आणि त्याची ती दशा होते. आपण छापलाय तो मेलेला, विस्कटलेला प्राणी. मुलांनी व्हिडिओत चूक केली की लेख येतो. वृत्तपत्राने केली तर निदान दोन ओळींचा खुलासा यावा. माझ्या वर्गाने ती चौकट कापून फळ्यावर लावली आहे आणि खुलाशासाठी खाली जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका